पारूबाईंचं पोतं

आमच्या दुकानाला दोन दारं. एक शाहूपुरीच्या रस्त्याकडे, तीन पायऱ्या चढून आत यायचं. दुसरं मागे बोळात. रानातून माल आणणाऱ्या बायकांनी बोळातल्या दारानं यायचं, पोतं टेकवायचं, वजन झालं की आल्या वाटेनं जायचं, ही माझ्या आजेसासऱ्यांपासूनची रीत. पारूबाई तेवढ्या पुढच्या दारानं यायच्या. डोक्यावर पोतं घेऊन, भर रस्त्यातून, गिऱ्हाइकांना "सरा की पावणं, जड हाय" म्हणत पायऱ्या चढायच्या आणि पोतं थेट काट्यापुढे ठेवायच्या. माझे सासरे दर वेळी म्हणायचे, "पारू, मागनं यायला काय हुतंय तुला?" आणि त्या दर वेळी म्हणायच्या, "माल तुमी पुढनं इकतायसा न्हवं? मग त्यो पुढनंच येणार."

हे भांडण नव्हे, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. खरं भांडण नंतर झालं आणि ते अकरा वर्षं चाललं. त्यात मी कुणाच्या बाजूनं होते हे सगळ्या पेठेला माहीत आहे, तरी एकदा नीट लिहून ठेवते. मागाहून लोक गोष्टी मऊ करून सांगतात, आणि मला मऊ केलेलं आवडत नाही.

मी चंदना. माहेर शिरोळकडचं, शेती करणारं. अठ्ठ्याऐंशी साली लग्न होऊन कोल्हापुरात आले. नवरा बाळासो, सासरे पार्श्वनाथ; पण सगळी पेठ त्यांना आण्णा म्हणायची, आम्हीही. दुकान काष्ठौषधीचं. म्हणजे मुळ्या, साली, बिया, वाळलेला पाला. वैद्यांना लागतो तो सगळा माल. आम्ही जैन. आमच्यातले शेतात राबणारे पुष्कळजण कांदा खातात, पण आण्णांचं घर कडक. जमिनीखालचं काहीही ताटात यायचं नाही. बटाटा नाही, रताळं नाही, आलं नाही. सुंठ मात्र चालते, कारण ती वाळलेली. ओली हळद नाही, हळदीची पूड चालते. मीही हा नियम लहानपणापासून पाळत आलेली. गंमत एवढीच की आमच्या कोठीत जमिनीखालच्या मालाची साठ-सत्तर पोती होती, आणि त्यातली एकही मुळी घरातल्या कुणी हिरवी पाहिलेली नव्हती, चाखणं तर दूरच.

ब्याण्णव साली बाळासोंनी घरची शेती बघायला घेतली आणि काउंटरवर मी बसायला लागले. महिनाभरात माझी लाज निघाली. एका गिऱ्हाइकानं शतावरी घेतली आणि विचारलं, "वैनी, ही वेल असती का झुडूप?" मी म्हटलं, "झुडूप असेल." पारूबाई पोतं सोडत होत्या. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की समोरचा नारळवाला वाकून बघायला लागला. मला राग आला. माणूस गेल्यावर मी म्हटलं, "मला कुणी दाखवलंय का? तुम्ही दाखवा." त्या म्हणाल्या, "पोत्यात झाड नसतंय, वैनी. बघायचं तर यायला लागतंय."

मी गेले. घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आव्वा, विचारत्या झाल्या, कुठे चाललीस? देवाला जाते म्हणून सांगता आलं असतं, कारण एसटी जोतिबाचीच होती. पण मी सांगितलं, रानात जाते, पारूबाईंबरोबर. आव्वांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दर गुरुवारी मी जायला लागले. गुलाल लावलेली माणसं डोंगरावर निघालेली असायची, आणि आम्ही दोघी अलीकडच्या वळणावर उतरून उताराला लागायचो.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. पारूबाईंनी भुईकोहळ्याचा वेल दाखवला, कुदळ घेतली आणि खणायला बसल्या. मी दहा पावलं मागे जाऊन उभी राहिले. आमच्यात कंद उपटणं म्हणजे असंख्य जीव मारणं, मला बघवेना. त्यांनी मान वर केली.

"तिकडं कशापायी गेलीस?"

मी सांगितलं. त्यांनी कुदळ खाली ठेवली. "म्हंजे पाप माजं आणि दुकान तुमचं, व्हय?"

मी परत येऊन त्यांच्याजवळ बसले. त्या दिवशी मी पाहिलं की त्या अख्खा कंद कधी काढत नाहीत. वरचा डोळ्याचा भाग वेलासकट ठेवतात, त्यावर माती लोटतात, हातानं दाबतात. जिथे एकच वेल असेल तिथे कुदळ लावत नाहीत. बी पडायच्या दिवसांत मुळी काढायला जात नाहीत. "मारायचं न्हाय, मागून घ्यायचं," त्या म्हणाल्या. अहिंसेवरची कितीतरी प्रवचनं मी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, बसून ऐकली होती. ती कळायला मला त्या उतारावर जावं लागलं.

त्यांना हे सगळं कुणी शिकवलं, हे त्यांनी बऱ्याच गुरुवारांनंतर सांगितलं. छपन्न साली त्या दहा वर्षांच्या होत्या. त्यांच्या वस्तीनं धम्म घेतला आणि वडील माणसांनी ठरवलं, गावची मेलेली जनावरं आता ओढायची नाहीत. गावानं पुढच्या पावसाळ्यात वस्तीचं सगळं बंद केलं. दुकानात मीठ मिळेना, गिरणीत दळण घेईनात, कामावर कुणी बोलवेना. पारूबाईंची आई पाच पोरं घेऊन रोज रानात जायची. टाकळा, कुर्डू, भारंगी, घोळ, करांदे. काय खायचं, काय उकळून पाणी टाकायचं, कशाला हातही लावायचा नाही, हे ती पोरांना दाखवायची. "चार महिनं आमी रानावर काढलं," पारूबाई म्हणाल्या. "माणसांनी वाळीत टाकलं, रानानं टाकलं न्हाय. आन् बा काय जनावर वढायला गेला न्हाय. ऱ्हायला तसाच." हे सांगताना त्यांच्या आवाजात रडं नव्हतं. चीडही नव्हती. जिंकलेल्या माणसाचा आवाज होता तो.

त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे जीभ. पान चुरगाळायचं आणि चाखायचं. माझी अडचण अशी की रान हिरवं होतं नेमकं चातुर्मासात, आणि चातुर्मासात आमच्यात पालेभाजी वर्ज्य. कंद तर बारा महिने नाहीत. "मग कशी शिकणार तू? कपाळ?" असं म्हणून त्या आधी वैतागल्या. मग म्हणाल्या, "बरं. डोळं हायेत, बोटं हायेत, नाक हाय. तिन्हीला दुप्पट राबीव." मी राबवलं. पानाची मागची लव, मोडल्यावर येणारा चीक, सालीचा वास. वाळलेल्या मालालाही खुणा असतात हे मला तेव्हाच कळलं. भुईकोहळ्याची चकती घेतलीत तर तिच्यात एकात एक कडी दिसतात. कळलावीचा कंद कापून वाळवला तर तोही तसाच पांढरट दिसतो, पण कडी नाहीत. आणि कळलावी विषारी. हा फरक पारूबाई जिभेवर ठेवून एका क्षणात सांगायच्या. मी उजेडाकडे धरून सांगायचे. चार वर्षांत माझं एकदाही चुकलं नाही, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर खूश झाले. तोवर मी सून होते, आई होते, काउंटरवरची वैनी होते. आता मला काहीतरी येत होतं.

मग शहाण्णवचा श्रावण आला. मी आठ दिवस माहेरी गेले होते. त्या आठ दिवसांत आकाराम नावाच्या एका नव्या दलालानं भुईकोहळा म्हणून एक पोतं आणून टाकलं आणि आण्णांनी ते घेतलं. बघणारं दुकानात कुणी नव्हतं. मी परत आले त्याच दिवशी दुपारी जोतीराम नावाचा माणूस आमच्या पायरीवर येऊन ओरडायला लागला. इचलकरंजीला मागावर कामाला होता. त्याची वहिनी बाळंतीण. दूध यावं म्हणून कुणीतरी भुईकोहळा दुधात उकळून द्यायला सांगितलेला. पहिल्याच घोटाला कडू लागलं म्हणून तिनं पेला ठेवून दिला, तरी ओकून ओकून तिला दवाखान्यात न्यावं लागलं. जीव वाचला. जोतीरामच्या हातात आमच्या दुकानाची पुडी होती.

रस्ता भरला. पन्नासेक माणसं असतील. मी पुडीतली चकती उचलली, उजेडाकडे धरली. कडी नव्हती. कळलावी. आणि नेमक्या त्याच वेळी गर्दीतून आवाज आला, "सरा की पावणं." गुरुवार होता. मी नव्हते म्हणून पारूबाई एकट्याच रानात जाऊन माल घेऊन आल्या होत्या.

आण्णांनी त्यांच्याकडे बोट केलं. "हिच्या पोत्यातलं हाय ते. रानातली माणसं, काय उपटतात आन् काय न्हाय. आमी इस्वास ठेवला, आमचं चुकलं."

आण्णा वाईट माणूस नव्हते. संध्याकाळी ते दवाखान्यात गेले, त्या बाईला घरी सोडेपर्यंत रोज जात राहिले. पण त्या क्षणी ते घाबरले, आणि घाबरलेला माणूस ज्याला सर्वांत कमी किंमत आहे असं त्याला वाटतं, त्याच्या अंगावर ढकलतो. चाळीस वर्षं जी बाई रानात वावरली, जिच्या हातून एकदाही चुकीची मुळी आली नाही, तिचं नाव एका वाक्यात गेलं. रानातल्या बाईकडे दुसरं असतं काय? कागद नाही, पाटी नाही. नाव तेवढंच असतं.

पारूबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "माजं मागल्या खेपेचं पोतं कुठं हाय?"

मी कोठीत पळाले. ते कोपऱ्यात होतं. घायपाताच्या दोरीनं पारूबाई पोत्याचं तोंड शिवायच्या. शिवण जशीच्या तशी होती. शेजारी आकारामचं पोतं, सुतळी सुटलेली, निम्मं रिकामं. मी दोन्ही पोती ओढत पायरीवर आणली. मला माहेराहून घेऊन आलेले बाळासो हळूच म्हणाले, "चंदना, गप्प बस." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे पारूबाईंचं पोतं," मी म्हटलं. "उघडलेलंच नाही. जोतीरामदादा, तुमच्या पुडीतला माल या दुसऱ्या पोत्यातला."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, शिवण काय, आत्ताही घालता येते. तेव्हा पारूबाईंनी विळ्यानं दोरी कापली, आतली एक चकती काढली आणि सगळ्यांसमोर कराकरा चावून खाल्ली. "माज्या पोत्यातलं मी खाल्लं," त्या आण्णांना म्हणाल्या. "आता त्या पोत्यातलं तुमी खावा."

आण्णा जागचे हलले नाहीत. लोक कुजबुजायला लागले. एकजण म्हणाला, "ह्या रानातल्या बायकास्नी काय, इखसुद्धा पचतंय." लोक हसले. ते हसू ऐकून माझं डोकं फिरलं. मी पारूबाईंच्या पोत्यात हात घातला, चकती काढली आणि तोंडात टाकली. मी, पार्श्वनाथांची सून, चातुर्मासात, भर शाहूपुरीत, कंद खात होते. हसू थांबलं. चकती गोडसर होती, थोडी पिठूळ. चार वर्षं जे डोळ्यांनी ओळखत होते त्याची चव मला पहिल्यांदा कळली.

"आता मला काय होतं ते बघत बसा," मी म्हटलं. मला काही झालं नाही. जोतीरामनं आकारामच्या पोत्याला लाथ घातली आणि तो आण्णांकडे वळला. पारूबाईंनी डोक्यावरून आणलेलं नवं पोतं परत डोक्यावर घेतलं. "आण्णा, ज्या तोंडानं माजं नाव घेतलासा त्याच तोंडानं माघारी घ्या. तवर ह्या पायरीला माजा पाय लागणार न्हाय." आणि गेल्या.

नियम मोडला म्हणून मी बस्तीतल्या साध्वी माताजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक उपवास दिला. म्हणाल्या, "खोटं सांभाळलं असतंस तर एकावर भागलं नसतं." तो उपवास मी आनंदानं केला. आव्वा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत, ते मी सोसलं.

आमच्यात भाद्रपदात पर्युषण पर्व संपलं की क्षमावणी असते. सगळ्यांनी एकमेकांना हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणायचं. समोरच्यानंही तेच म्हणायचं. लांबच्यांना छापील कार्डं जातात: कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास क्षमा असावी. आमच्या घरून तीनशे कार्डं जायची. व्यापारी, नातेवाईक, ज्यांचं मन आण्णांनी कधी दुखावणं शक्यच नव्हतं असे बेळगावचे पाहुणे. नावांची यादी मी लिहायचे. त्या वर्षी मी यादीच्या शेवटी लिहिलं: पारूबाई. आण्णांनी यादी वाचली, पेन काढलं, नाव खोडलं. पुढच्या वर्षी मी परत लिहिलं. त्यांनी परत खोडलं. अठ्ठ्याण्णवला लिहिलं, नव्व्याण्णवला लिहिलं. दोन हजार साल उजाडलं, दुकानात कॉम्प्युटर आला, यादी छापून यायला लागली; मी छापून लिहिलं, त्यांनी पेनानं खोडलं.

पारूबाई आता लक्ष्मीपुरीच्या बाजारात बसायच्या. पावसाळ्यात रानभाज्या, एरवी मुळ्या आणि साली. माझे गुरुवार चालूच होते. दुकानातलं एकही पोतं माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कोठीत जात नव्हतं. आकारामसारखे दोन-तीन दलाल मी पायरीवरूनच परत पाठवले. वैद्य लोक फोनवर विचारायचे, "चंदनावैनींनी बघितलाय का माल?" आणि कुणी माझं कौतुक केलं की मी काउंटरवरून, आण्णांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचे, "मला पारूबाईंनी शिकवलंय." दिवसातून दहादा सांगायचे. आण्णा पेपर वाचत बसायचे. अकरा वर्षांत त्यांनी हे वाक्य किती हजार वेळा ऐकलं असेल कोण जाणे. मी मुद्दाम करायचे, कबूल करते. पण ते खरंही होतं. त्या बाईनं मला दिलं ते माझ्या शिक्षणानं दिलं नाही, लग्नानं दिलं नाही. त्याचे उपकार फिटणारे नव्हते. निदान नाव तरी घ्यायला नको?

दोन हजार सात साली आण्णांचे डोळे गेले. मोतीबिंदू काढूनही फारसं दिसेना. त्या वर्षी क्षमावणीची यादी त्यांना वाचून दाखवावी लागली. मी एकेक नाव वाचत गेले, ते मान हलवत गेले. शेवटचं नाव आलं.

"पारूबाई," मी वाचलं.

इतकी वर्षं ते पेनानं खोडत आले होते, त्याला बोलावं लागत नव्हतं. आता खोडायचं तर तोंडानं सांगावं लागणार होतं.

"खोडू?" मी विचारलं.

ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी पुन्हा विचारलं, "आण्णा, खोडू का?" मग त्यांनी कार्डं चाचपली, एक उचललं आणि म्हणाले, "ह्याच्यावर सही कुठं करायची, दाखीव."

कार्ड पोस्टात न टाकता मी स्वतः लक्ष्मीपुरीत नेलं. मला वाटलं होतं पारूबाई डोळे पुसतील. मी तर वाटेत पुसले होते. त्यांनी मला वाचायला लावलं, ऐकलं, आणि कार्ड माझ्या हातात परत दिलं.

"आण्णा बोलले कुठं? पायरीवर. किती माणसं हुती? पन्नास. मग हे कारडावर काय काढलंय? आन् कळत-नकळत कशाला? कळूनच बोललंतं की."

मी घरी येऊन आण्णांना हे शब्दाला शब्द सांगितलं. एक अक्षर मऊ केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "गुरुवारी ये म्हणावं तिला." मग थांबून म्हणाले, "त्यांना."

त्या गुरुवारी माणसं जमवायचं काम मी केलं, लपवत नाही. नारळवाल्याला सांगितलं, शेजारच्या टेलरला सांगितलं, इचलकरंजीला जोतीरामला फोन केला; तो वहिनीला आणि तिच्या अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन आला. पारूबाई अकराच्या सुमारास आल्या. साठी उलटलेली, तरी डोक्यावर भरलेलं पोतं. पहिल्या पायरीखाली थांबल्या. आण्णा दाराची चौकट धरून बाहेर आले. त्यांना कुणी धड दिसत नव्हतं, पण माणसं किती आहेत ते आवाजावरून कळलं असणार.

"शहाण्णव साली त्यो इखारी माल गेला त्यो पारूबाईंचा न्हवता," ते म्हणाले. आवाज मोठा होता. "आकारामच्या पोत्यातला मी माझ्या हातानं बांधलाता. कुणाच्या पोत्यातला ते मला ठावं हुतं. मी खोटं बोललो." आणि त्यांनी हात जोडले. "उत्तम क्षमा."

आता रीत अशी की समोरच्यानं हात जोडून तेच म्हणायचं, मग दोघांचं मिटतं. सगळे पारूबाईंकडे बघायला लागले. त्यांचे दोन्ही हात पोत्याला होते. आव्वा मागून हळूच म्हणाल्या, "म्हणा की तुमीबी. उत्तम क्षमा म्हणायचं असतंय."

"मी कशाला म्हणू?" पारूबाई म्हणाल्या. "माजं काय चुकलंय?"

नारळवाला खोकला. आण्णा हात जोडून तसेच उभे. मग त्यांनी मान हलवली.

"न्हाय," ते म्हणाले. "तुमचं काय चुकलं न्हाय."

"मग सरा की, आण्णा. जड हाय."

आण्णा चौकट धरून बाजूला झाले, आणि पारूबाई तीन पायऱ्या चढून पुढच्या दारानं आत आल्या.